जबानी सौदा, करार कायदा आणि आपला व्यापार

"जबान दिली म्हणजे दिली" हे वाक्य मुरुडच्या बाजारात आम्ही लहानपणापासून ऐकत आलो आहोत. आमच्या वडिलांचा कापडाचा सारा कारोबार या एका वाक्यावर चालला आणि बऱ्याच अंशी आमचाही चालला. म्हणून पुढे जे लिहितो आहोत ते जबानीला कमी लेखण्यासाठी लिहीत नाही, हे वाचकांनी प्रथमच ध्यानात घ्यावे.

काही वर्षांपूर्वी आमचे एक जुने गिऱ्हाईक अल्लाहला प्यारे झाले. शेजारच्या तालुक्यात त्यांचे लहानसे दुकान होते आणि बावीस वर्षे त्यांचा माल आमच्याकडून जात असे. चाळिसाव्यानंतर त्यांची दोन्ही मुले स्वतःहून आमच्या गादीवर आली. मोठा म्हणाला, "चाचा, अब्बाका जो होता वो बोलो, हम देते." वाटणीआधी मयताचे कर्ज फेडावे लागते हे त्या मुलांना कोणी सांगावे लागले नाही. आम्ही खाते उघडले. आमच्या वहीत ८६,४०० रुपये येणे निघाले. मुलांनी मरहूमांची खिशातली डायरी आणली होती, तिच्यात ५१,००० होते. एका खेपेचा परत आलेला माल त्यांनी वजा धरला होता, आम्ही धरला नव्हता. एक रोख रक्कम त्यांनी दिल्याचे लिहिले होते, आमच्याकडे तिची नोंद नव्हती. दरातही एक-दोन ठिकाणी फरक. आमच्या वहीवर त्यांची सही नाही, त्यांच्या डायरीवर आमची नाही. खोटे कोणीच बोलत नव्हते. शेवटी मधला आकडा धरून मिटवले. मुले उठून गेली तेव्हा आपण जास्त दिले की काय, ही शंका त्यांच्या मनात राहिली असेल. कमी मिळाले, ही आमच्या मनात राहिलीच.

त्यानंतर आम्ही करार कायदा वाचावयास घेतला. आम्ही वकील नाही. आमचे शिक्षण उर्दू शाळेत झाले, कायद्याची भाषा जड गेली. पण एका वकील दोस्ताला विचारत विचारत जे समजले ते आपल्या व्यापारी व कारागीर बांधवांपुढे ठेवतो.

मूळ कायदा १८७२ सालचा. १ सप्टेंबर १८७२ रोजी तो ब्रिटिश मुलखात लागू झाला. आपला मराठवाडा तेव्हा निजामाच्या राज्यात होता आणि कायदेही रियासतीचे होते. भारतीय करार कायदा आपल्याकडे आला तो १ एप्रिल १९५१ पासून. पण त्यातली मूळ कल्पना आपल्या लोकांना नवी नाही. निकाहच्या मजलिशीत ज्याला ईजाब आणि कबूल म्हणतात, तेच येथे प्रस्ताव आणि स्वीकार. एकाने सांगितले, दुसऱ्याने जसेच्या तसे मान्य केले, की करार झाला. "दर मान्य, पण उधारी दोन महिने" असे उत्तर दिले तर तो स्वीकार नव्हे, तो उलटा प्रस्ताव झाला. आता समोरच्याने कबूल म्हणायचे. याखेरीज दोन्ही पक्ष सज्ञान व शुद्धीवर असावेत, संमती राजीखुशीची असावी, देण्याच्या बदल्यात घेणे असावे आणि व्यवहार कायद्याला धरून असावा. कलम १० मध्ये एवढेच आहे. लेखी असले पाहिजे, स्टॅम्प पेपर पाहिजे, अशी सरसकट अट त्यात नाही. जमीन-घराची विक्री वगैरे काही बाबींना वेगळे कायदे लेखी व नोंदणी मागतात, पण ताके, साड्या, शिलाई, रंगाई या आपल्या कामाला तोंडी करार पूर्ण चालतो.

म्हणजे "लेखी नाही, म्हणून करारच नाही" असे जे पुष्कळ लोक समजतात ते चूक आहे. आपण दिवसभरात फोनवर जे दहा सौदे बोलतो ते दहाही करार असतात आणि त्यांची बांधिलकी बोलताक्षणी सुरू होते. अडचण नंतर येते. काय ठरले होते, केव्हा ठरले, कुठे ठरले, हे सांगायची वेळ येते तेव्हा. सूरह बकराची २८२ वी आयत कुरआन शरीफातली सर्वांत लांब आयत आहे आणि तिचा विषय मुदतीचे देणेघेणे लिहून ठेवण्याचाच आहे. हातोहात रोखीच्या व्यवहाराला तीत सवलत आहे. मस्जिदीत ती आम्ही अनेकदा ऐकली; वहीत मात्र फार उशिरा आणली.

आधी "काय ठरले" हे पाहू. एकदा आम्ही फोनवर चाळीस ताके पॉपलीन मागवले. "मागच्या वेळचाच माल" एवढेच बोललो. माल आला तो ३६ इंच पन्ह्याचा. आम्हाला हवा होता ४४. व्यापाऱ्याचे म्हणणे, मागच्या वर्षी तुम्ही दोन्ही नेले होते. खरेच होते. कायद्याचे कलम २९ सांगते की ज्या कराराचा अर्थ निश्चित करता येत नाही तो रद्दबातल असतो. त्याखाली तेलाचे उदाहरण दिले आहे: "शंभर टन तेल" एवढाच सौदा झाला आणि कोणते तेल ते कशावरूनच कळत नसेल तर तो करार व्यर्थ, पण विकणारा फक्त खोबरेल तेलाचाच व्यापारी असेल तर खोबरेल समजावे. कापडात असे एकच वाणाचे दुकान कुठे मिळणार? त्यात आम्ही आणखी एक चूक केली. माल उघडून पाहिल्यावर आठ-दहा दिवस गप्प बसलो, पुढच्या खेपेत बोलू म्हणून. मालविक्री कायदा १९३० सालचा आहे. त्याआधी ही कलमे करार कायद्यातच होती. त्यानुसार खरेदीदाराला माल तपासण्याची संधी मिळाली पाहिजे, पण वाजवी मुदतीत नकार न कळवता माल ठेवून घेतला तर तो स्वीकारला असे धरले जाते. एकदा स्वीकारला की परत करण्याचा हक्क जातो, फार तर नुकसानभरपाई मागता येते. आता आमच्याकडे गाठ उघडली की त्याच दिवशी पन्हा मोजतात, आणि फरक असेल तर संध्याकाळच्या आत कळवतात.

"कुठे ठरले" हा प्रश्न ऐकायला फालतू वाटतो. पण यावरच देशातला एक नामांकित खटला झाला आणि तो आपल्या महाराष्ट्रातल्या खामगावचा आहे. २२ जुलै १९५९ रोजी अहमदाबादच्या एका पेढीने खामगावच्या जिनिंग फॅक्टरी व ऑइल मिलकडे फोनवरून सरकीची पेंड मागितली. खामगावने हो म्हटले. पुढे पेंड मिळाली नाही म्हणून अहमदाबादवाल्यांनी तिथल्या शहर दिवाणी न्यायालयात ३१,१५० रुपयांचा दावा लावला. खामगावचे म्हणणे असे की आम्ही हो म्हटले ते खामगावात, माल द्यायचा होता तो खामगावात, मग दावा अहमदाबादेत कसा? प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. भगवानदास केडिया विरुद्ध गिरधारीलाल या नावाने ते कायद्याच्या पुस्तकात आहे. ३० ऑगस्ट १९६५ रोजी तीन न्यायमूर्तींपैकी दोघांनी ठरवले की फोनवर दोघे जणू समोरासमोर बोलत असतात, त्यामुळे होकार जिथे ऐकू येतो तिथे करार पूर्ण होतो, म्हणजे अहमदाबादेत.

तिसरे न्यायमूर्ती होते एम. हिदायतुल्लाह. ते नागपूर उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती राहिलेले होते आणि पुढे १९६८ साली देशाचे सरन्यायाधीश झाले. त्यांचे मत वेगळे पडले. कलम ४ चे शब्द असे आहेत की स्वीकार देणाऱ्याच्या हातून निघून वाटेला लागला, त्याला तो परत घेता येईना, की प्रस्ताव करणारा बांधला जातो. पत्राला हा नियम लागतो, तर फोनला का नको, असा त्यांचा सवाल. त्यांच्या मते करार खामगावात झाला. १८७२ साली कायदा झाला तेव्हा टेलिफोन निघालाच नव्हता, तो चार वर्षांनी आला. तेव्हा जुन्या शब्दांत नवे यंत्र बसवायचे कसे, हा वाद होता. आम्हाला विचाराल तर हिदायतुल्लाहसाहेबांचे म्हणणे कलमाच्या शब्दांना अधिक धरून वाटते. पण कायदा बहुमताचा, आणि तोच आजही चालतो.

याचा आपल्याला उपयोग असा. सुरतच्या व्यापाऱ्याला आपण मुरुडहून फोन करून माल मागितला आणि त्याने तिकडून हो म्हटले, तर तो होकार आपण मुरुडात ऐकला. करार मुरुडात झाला असे म्हणता येईल आणि लातूर जिल्ह्यातल्या न्यायालयात जाता येईल. त्याने फोन करून "अमुक दरात घेता का" विचारले आणि आपण हो म्हटले, तर गोष्ट उलटी. फोन कोणी कोणाला केला आणि शेवटचे "ठीक आहे" कोणाचे, एवढ्यावरून हजार किलोमीटरच्या खेटा वाचतात किंवा वाढतात.

मोठ्या पेढ्या मात्र यावर उपाय करून बसलेल्या असतात. बिलाच्या तळाशी बारीक अक्षरात ओळ असते, की सर्व वाद अमुक शहराच्या न्यायकक्षेत. जिथे मुळात अधिकार नाही तिथे अशा ओळीने अधिकार येत नाही. पण दोन ठिकाणी अधिकार असेल तर त्यातले एक निवडता येते. १९८९ साली सर्वोच्च न्यायालयात मेटॅलिक यार्नचा, म्हणजे आपल्या जरीच्या कामातल्या धाग्याचा, असाच वाद आला. गुजरातचा कारखाना, तमिळनाडूतल्या सेलमचा खरेदीदार, आणि कागदावर खेडा न्यायकक्षेची ओळ. तीत "फक्त" असा शब्द नव्हता, म्हणून सेलमचे न्यायालयही खुले राहिले. २०१३ साली मात्र त्याच न्यायालयाने सांगितले की "फक्त" नसले तरी पक्षांचा हेतू तोच होता असे मानता येते. तेव्हा त्या शब्दावर विसंबू नये. सौदा ठरताना अशी अट निघालीच नसेल आणि बिलावर पहिल्यांदा दिसली, तर ती आम्हाला मान्य नाही असे लगेच कळवावे.

आता फोनपेक्षा व्हॉट्सअॅपवर सौदे जास्त होतात. माहिती तंत्रज्ञान कायद्यात २००८ च्या दुरुस्तीने स्पष्ट केले आहे की केवळ इलेक्ट्रॉनिक मार्गाने झाला म्हणून करार बाद होत नाही. कॅनडात २०२३ साली एक गंमतीचा निकाल झाला. जवसाच्या एका खरेदीदाराने शेतकऱ्याला कराराचा फोटो पाठवून पक्के करा म्हटले. शेतकऱ्याने अंगठ्याचे चित्र पाठवले. माल दिला नाही तेव्हा शेतकरी म्हणाला, अंगठा म्हणजे "मिळाले" एवढेच. न्यायालयाने तो स्वीकार धरला आणि त्याला ८२ हजारांहून जास्त कॅनेडियन डॉलर भरावे लागणार असे ठरवले. तो निकाल आपल्या न्यायालयांना बांधील नाही. पण आम्ही त्या दिवसापासून अंगठा पाठवणे बंद केले. दराला मान्यता नसेल तर "पाहून सांगतो" असे लिहितो. हे संदेश जपून ठेवावेत. १ जुलै २०२४ पासून नवा साक्ष कायदा लागू आहे. मोबाइलवरचा मजकूर पुरावा म्हणून देताना ठरलेल्या नमुन्यातले प्रमाणपत्र लागते, आधीही लागत असे.

ईदच्या मालाबद्दल आपल्या लोकांचे जेवढे नुकसान होते तेवढे दुसऱ्या कशाने होत नसेल. माल वीस रमजानला पोचायचा, पोचतो शव्वालमध्ये. या बाबतीत मद्रासचा १८९८ सालचा एक निकाल प्रत्येक टेलरने ऐकावा. एका शिंप्याने आपली शिलाई मशीन व कापड रेल्वेने दुसऱ्या गावी पाठवले. तिथे उत्सव होता, चार पैसे जास्त मिळतील अशी आशा. रेल्वेच्या लोकांच्या चुकीने सामान उशिरा पोचले, उत्सव संपला. त्याने बुडालेल्या नफ्याची भरपाई मागितली. ती मिळाली नाही, कारण सामान उत्सवासाठी चालले आहे हे त्याने रेल्वेला सांगितलेच नव्हते. कलम ७३ चा नियम हाच आहे. करार मोडल्यावर साहजिकपणे जे नुकसान होते ते मिळते. खास नुकसान हवे तर सौद्याच्या वेळी ते दोघांनाही माहीत असावे लागते. म्हणून ऑर्डर देताना आम्ही आता एक वाक्य वाढवतो: "हा माल ईदच्या विक्रीसाठी आहे, अमुक तारखेनंतर आल्यास घेणार नाही." मालाच्या पेढीलाही लिहितो आणि ट्रान्सपोर्टवाल्यालाही. एका वाक्याने भरपाई घरी चालत येते असे नाही. पण न लिहिल्यास मागण्याची जागाच राहत नाही.

जांगड मालाची गोष्ट त्याहून नाजूक. पसंत पडला तर ठेवा, नाहीतर परत करा, या बोलीवर आपण माल देतो. एका रमजानच्या आधी आम्ही साठ साड्या अशा दिल्या. चिठ्ठीवर नग लिहिले, तारीख लिहिली, परतीची मुदत लिहिली नाही. बकरी ईद जवळ आली तेव्हा अडतीस साड्या परत आल्या, घड्या मोडलेल्या, खोकी मळलेली. बाकीच्या बावीसचा दर काय, यावर वाद. मालविक्री कायद्याच्या कलम २४ प्रमाणे जांगड माल खरेदीदाराचा होतो तो त्याने पसंती कळवली किंवा मालक असल्यासारखा तो वापरला-विकला तेव्हा. अथवा मुदत ठरली असेल तर ती उलटून गेल्यावर, आणि मुदत नसेल तर "वाजवी काळ" गेल्यावर. वाजवी काळ म्हणजे किती दिवस, हे न्यायालय त्या त्या प्रकरणात ठरवणार. तोवर माल आपला, आणि सामान्यतः जोखीमही आपली. वेगळे ठरले नसेल आणि त्याच्या दुकानाला त्याच्या चुकीवाचून आग लागली तर नुकसान आपल्या माथी. सात दिवसांची मुदत, नगवार दर आणि घेणाऱ्याची सही, या तीन गोष्टी आता आमच्या जांगड चिठ्ठीवर छापलेल्याच आहेत.

कारागिरांसाठी कलम १७० फार कामाचे आहे, आणि आमच्या पाहण्यात दहातल्या नऊ शिंप्यांना ते ठाऊक नाही. दुसऱ्याच्या वस्तूवर आपण मेहनत व कसब लावले, काम ठरल्याप्रमाणे व वेळेत केले, तर मजुरी मिळेपर्यंत ती वस्तू रोखून ठेवता येते. कायद्यानेच उदाहरण दिले आहे: जवाहिऱ्याला हिरा पैलू पाडायला दिला, तर त्याला पैसे मिळेपर्यंत तो ठेवता येतो. दुसरे उदाहरण शिंप्याचे: कोट शिवून होताच देईन आणि पैशाला तीन महिने थांबेन असे त्याने कबूल केले असेल, तर कोट अडवता येत नाही. उधारी कबूल केली की अडवण्याचा हक्क गेला. हा हक्क त्याच कामाच्या मजुरीपुरता आहे. मागची बाकी आहे म्हणून आजचा शेरवानीचा कपडा अडवता येत नाही, आणि अडवलेला माल परस्पर विकून टाकण्याची परवानगी हे कलम देत नाही.

जे बांधव माल तयार करून मोठ्या खरेदीदारांना देतात, त्यांच्यासाठी २००६ चा सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायदा आहे. सूक्ष्म किंवा लघु उद्योग म्हणून उद्यम नोंदणी असेल, तर खरेदीदाराने ठरलेल्या मुदतीत, आणि कितीही ठरले तरी ४५ दिवसांच्या आत पैसे द्यायचे. काहीच ठरले नसेल तर १५ दिवसांत. उशीर झाल्यास कायदा व्याजही लावतो. ते घ्यावे की न घ्यावे हे ज्याचे त्याने आपल्या दीनप्रमाणे ठरवावे, मुदतीचा हक्क तर घ्याच. नोंदणी माल देण्याआधी करावी. आमच्यासारख्या केवळ खरेदी-विक्री करणाऱ्यांना या तरतुदीचा आधार नाही.

अठरा वर्षांखालच्या मुलाशी केलेला करार मुळातच रद्द, हे १९०३ सालच्या मोहोरीबीबी खटल्यापासून पक्के झाले आहे. गिऱ्हाइकाचा सतरा वर्षांचा मुलगा उधारीवर माल घेऊन गेला तर बापाने त्याला पाठवले होते की नाही, याची खातरजमा त्याच दिवशी बापाला फोन करून करावी. बापाने पाठवला असेल तर बाप बांधील. आणि जामीन राहणाऱ्यांनो, कलम १२८ वाचा: वेगळे ठरले नसेल तर जामिनाची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते, आणि देणेकरी आधी कर्जदारामागे जा असे सावकाराला सांगता येत नाही.

राहिली उधारी. विकलेल्या मालाच्या किमतीचा दावा तीन वर्षांत लावावा लागतो. उधारीची मुदत ठरली असेल तर ती संपल्यापासून, नसेल तर माल दिल्यापासून. तीन वर्षे उलटण्याच्या आत देणेकऱ्याने सहीनिशी बाकी कबूल केली, तर तिथून तीन वर्षे नव्याने मोजतात. मुदत गेल्यावरही त्याने देईन म्हणून सही करून लिहून दिले, तर कलम २५ प्रमाणे तो करार चालतो. नुसती आपली वही मात्र पुरत नाही. नियमित ठेवलेली वही पुरावा आहे, पण केवळ तिच्या जोरावर कोणावर देणे लादता येत नाही, हा नियम जुन्या साक्ष कायद्यात होता आणि नव्यातही आहे. १९९८ साली गाजलेल्या जैन हवाला प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सुटे कागद म्हणजे वहीच नव्हे असे म्हटले, आणि वहीतल्या नोंदींनाही बाहेरचा दुजोरा मागितला. आपल्याकडे किती जणांचा हिशेब कॅलेंडरच्या पाठीवर असतो!

ती दोन मुले आता वडिलांचे दुकान चालवतात आणि माल आमच्याकडूनच नेतात. दर शाबानमध्ये मोठा मुलगा येतो, खाते वाचतो, परत आलेला माल व रोख रक्कम पडताळतो आणि बाकीखाली तारीख टाकून सही करतो. त्याच्या वहीवर आम्ही करतो. पहिल्या वर्षी सही मागताना आमची जीभ अडखळली होती. त्याने पेन स्वतःच्या खिशातून काढले.

चेकबद्दल एवढेच सांगून थांबतो. चेक त्याच्या तारखेपासून तीन महिन्यांच्या आत बँकेत टाकावा. न वटल्याचे बँकेकडून कळल्यापासून ३० दिवसांत लेखी नोटीस पाठवावी. नोटीस मिळाल्यावर देणेकऱ्याला १५ दिवस असतात. त्यातही पैसे आले नाहीत, तर पुढच्या एका महिन्यात न्यायालयात तक्रार दाखल करावी लागते. "ईदनंतर देतो चाचा" म्हटल्यावर जे थांबतात, त्यांची नोटिशीची मुदत बहुधा त्या ईदच्या आधीच संपलेली असते.